सोमवाडीची मुकी हलगी

नामदेवतात्यांनी हलगीवर पहिली थाप मारली आणि बारा मुलांपैकी दोघंच नाचायला लागली. उरलेली दहा जणं लेझीम हातात धरून खांबासारखी उभी!

"आरं, झोपलाय का काय सगळी?" तात्या गरजले. पण कानांवर जाड गाद्यांचे हेडफोन चढवलेले असले की बाहेरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे तात्यांचं गरजणंही वाया गेलं. नाचणाऱ्या दोघांपैकी एक होती अकरा वर्षांची केतकी आणि दुसरा तिच्याच वर्गातला सिद्धेश. आपण दोघंच उड्या मारतोय आणि बाकीचे आपल्याकडे टकामका बघताहेत, हे लक्षात आल्यावर केतकी अशी काही ओशाळली की विचारू नका.

ही गोष्ट सन २०९४ मधली, आणि ती घडली चंद्रावर. तिथे सोमवाडी नावाची तीनशे माणसांची वस्ती होती. चंद्रावर हवा नाही, म्हणून सगळी वस्ती एका भल्यामोठ्या घुमटाखाली. आता मराठी माणूस कुठेही गेला तरी दसऱ्याला सीमोल्लंघन केल्याशिवाय राहतो का? सोमवाडीची सीमा म्हणजे घुमटाचं दार. मोठी माणसं दर दसऱ्याला अवकाशपोशाख (म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा, आत हवा भरलेला बंद पोशाख) घालून दाराबाहेर जायची, लेझीम खेळून परत यायची, आणि मुलं काचेला नाक लावून बघत बसायची. यंदा पहिल्यांदाच मुलांना परवानगी मिळाली होती. केतकीचा जन्म सोमवाडीतलाच, पण चंद्राच्या मातीला तिचा पाय एकदाही लागला नव्हता. सहा महिने ती या एका दिवसासाठी घाम गाळत होती.

दारावरच्या अधिकारी बिराजदारबाई नियमाला पक्क्या. "ज्याच्या कानात हलगी वाजते तोच बाहेर जाईल," असं त्यांनी बजावलं होतं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आवाज आपल्यापर्यंत येतो तो हवेतून. हवाच नाही तर तो येणार कुठून? घुमटाबाहेर कोणी कानाशी तोफ उडवली तरी ऐकू येणार नाही! म्हणून हलगीच्या चामड्याला एक सेन्सर (म्हणजे चामड्याची थरथर ओळखणारं इवलंसं यंत्र) चिकटवलेला होता. हलगीच्या कडेला एक डबी बसवली होती. ती ही थरथर रेडिओलहरींतून पाठवायची. रेडिओलहरींना हवा लागत नाही, त्या पोकळीतूनही सुसाट जातात. मुलांचे हेडफोन त्या लहरी पकडायचे आणि त्यांचा पुन्हा आवाज करायचे.

परवाच्या तालमीत हे सगळं झकास चाललं होतं. आज दुपारी तीन वाजता मात्र दहा हेडफोन चिडीचूप. चारला दार उघडणार होतं. ती वेळ हुकली की खाणीवरच्या गाड्यांची रांग सुरू, मग दार मोकळं मिळणार नाही, थेट पुढच्या दसऱ्याची वाट बघायची.

केतकी धावत सुटली ती अप्पाआजोबांकडे. हे तिच्या आईचे वडील. चाळीस वर्षं रेडिओलहरींवर संशोधन केलेला माणूस, पण विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देईल तर शपथ!

"आजोबा, चला ना, पटकन दुरुस्त करा!"

"मी कशाला? नाचायचंय तुला," असं म्हणत का होईना, आजोबा काठी टेकत तालमीच्या दालनात आले आणि खुर्ची ओढून बसले. "घरातला दिवा लागला नाही तर आपण आधी काय बघतो? वीजकेंद्र?"

"नाही. बटण."

"मग आधी बटण बघ. सोपं ते आधी."

केतकीने एकेक हेडफोन हातात घेतला. चार्ज आहे का? सगळ्यांचे हिरवे दिवे लागलेले. डबी लांब आहे का? छे, चार पावलांवर. मुलांच्या अभ्यासाच्या टॅबलेटला तर ते चुकून जोडले गेले नाहीत? तिने सगळे टॅबलेट बंद करायला लावले. तरी दहाही हेडफोन ढिम्म.

"वा! तीन शंका मिटल्या," आजोबा खूश होऊन म्हणाले.

"खूश काय होताय? काहीच सापडलं नाही!" केतकी रडकुंडीला आली.

"अगं, चोर कोण नाही ते कळलं, हेही थोडं नाही. आता असं बघ. दोन चालतात, दहा चालत नाहीत. त्या दोघांत आणि या दहांत फरक काय?"

केतकी डोकं खाजवायला लागली. हेडफोन सगळे एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी आलेले. तेवढ्यात सिद्धेश पुटपुटला, "माझा तर काल दिवसभर दप्तरातच राहिला होता. तात्यांनी केवढं झापलं मला!"

"आणि माझी कानाची गादी उसवली होती," केतकी म्हणाली. "आजोबा, तुम्हीच ती काल शिवत बसला होतात. म्हणजे आमचे दोघांचे हेडफोन काल इथे नव्हतेच! आणि काल इथे..." ती थबकली. "काल खंडेनवमी होती!"

खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. सोमवाडीत पाना-हातोड्यापासून रोबोटपर्यंत सगळ्यांची होते. केतकीने मुक्या हेडफोनांकडे निरखून पाहिलं. दहाच्या दहांवर लालभडक कुंकू होतं. तिच्या आणि सिद्धेशच्या हेडफोनवर नव्हतं.

तात्या भडकले. "म्हणजे पूजेनं बिघडलं म्हणतीस? देवाचं करायचं आणि वर बोलणी खायची व्हय?"

"पूजेला कोण नावं ठेवतंय, नामदेवा?" आजोबा शांतपणे म्हणाले. "तू नक्की काय केलंस, तेवढं सांग."

"नेहमीचंच की. यंत्रं चालू ठेवली. झोपलेल्या यंत्राची कसली पूजा? मग कुंकू लावलं. हितली हवा कोरडी ठणठणीत, कुंकू ठरत न्हाई, पापुद्रा निघतो. म्हणून अंगठ्यानं दाबून धरायचं, दहा आकडं मोजायचं, मग सोडायचं. सोमवाडीत समदी असंच लावत्यात."

"आणि कुठे लावलंत?" केतकीने विचारलं.

"मधोमध. कपाळ आसतं तिथं."

केतकीने फडक्याने एका हेडफोनवरचं कुंकू पुसलं. खाली गोल, चपटं बटण होतं!

"आजोबा!" ती किंचाळलीच. "हे बटण दहा सेकंद दाबलं की हेडफोन रीसेट होतो!"

रीसेट (म्हणजे यंत्राची पाटी पुसून पहिल्यासारखी कोरी करणं) हा शब्द ऐकून तात्यांचा चेहरा पडला. "कोरी? म्हंजे मी काय पुसलं?"

"ओळख पुसलीत," केतकी म्हणाली. ती आता रडायचं विसरून गेली होती. "डबी आणि हेडफोन पहिल्यांदा भेटतात ना, तेव्हा त्यांचं पेअरिंग होतं (म्हणजे दोघांची एकमेकांशी ओळख पक्की होते). दोघं मिळून एक गुप्त खूण ठरवतात आणि दोघंही ती आपापल्याकडे लिहून ठेवतात. म्हणून तर शेजारच्या घरातली गाणी आपल्या हेडफोनमध्ये शिरत नाहीत. काल तुमच्या अंगठ्याने दहा हेडफोन ती खूण विसरले."

"आन् विसरताना त्यांनी काय आवाज न्हाई केला?"

"करतात ना, टुंई असा. पण तुझ्या आरतीच्या घंटेपुढे त्याचं काय ऐकू येणार?" आजोबा म्हणाले, आणि मुलं खो खो हसली. तात्या मात्र डोक्याला हात लावून खाली बसले. सहा महिने त्यांनीच या पोरांना घडवलं होतं. "माझ्याच अंगठ्यानं घात केला की रं," असं ते म्हणाले. केतकीला फार वाईट वाटलं.

"तात्या, विसरलेलं पुन्हा शिकवता येतं," ती म्हणाली आणि कामाला लागली. एक हेडफोन डबीजवळ धरून तिने पेअरिंगचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि विझला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच!

"पुन्हा रीसेट करून बघ," कोणीतरी सुचवलं.

"आधीच कोरी असलेली पाटी कितीदा पुसणार?" केतकी वैतागून म्हणाली आणि डबीकडे बघता बघता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेडफोन विसरले, पण डबी कुठे विसरली होती? डबीत बाराच जागा, आणि त्या बाराही जुन्या खुणांनी भरलेल्या. डबी बिचारी जुन्या खुणेने हाका मारत होती, ती हेडफोनला कळत नव्हती. हेडफोन नवा पाहुणा म्हणून दार वाजवत होता, तर आत जागा नव्हती. "एकाने विसरून भागत नाही, दोघांनीही विसरायला हवं!" ती ओरडली.

"शाब्बास!" आजोबांनी जमिनीवर काठी आपटली. "आता त्या डबीची पाटीही पुस. पण थांब, तिला एकच बटण आहे. ते दाबलं की बाराही खुणा जाणार. तुझी आणि सिद्धेशचीसुद्धा."

तेवढ्यात बिराजदारबाई दारातून डोकावल्या. "वीस मिनिटं राहिली. ज्या दोघांचे हेडफोन चालतात त्यांना मी सोडते. त्यांनी पोशाख चढवायला घ्या."

केतकीने डबी हातात घेतली. बटण नाही दाबलं तर ती नक्की बाहेर जाणार. दाबलं आणि काही चुकलं तर कोणीच जाणार नाही. तिने सिद्धेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोघांचं लेझीम म्हणजे काय लेझीम आहे का? दाब तू!"

केतकीने डोळे मिटून बटण दाबलं. डबीचा दिवा गेला आणि पुन्हा लागला. आता बाराही हेडफोन मुके.

"चला, समद्यांनी एकदम बटणं दाबा!" तात्यांना कुठला दम निघतोय! दहा निळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि नुसता गोंधळ उडाला. कोणाचा हेडफोन जुळतोय, कोणाचा सुटतोय, काही कळेना.

"बंद! सगळे बंद!" केतकी ओरडली. "एकेकानेच या. बाकीच्यांनी बंद ठेवायचे. दहा पोरं एकदम बोलली तर मास्तरांना कुणाचं ऐकू येणार?"

मग रांग लागली. पहिला हेडफोन चालू, डबीजवळ, बटण, लुकलुक, आणि दिवा स्थिर! तात्यांनी बोटाने हळूच हलगी वाजवली आणि पहिला मुलगा जागच्या जागी नाचायला लागला. दुसरा जुळला. तिसरा जुळला. मुलं मोठ्याने मोजत होती. दहावा जुळला तेव्हा घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती.

आता सिद्धेश. बटण, लुकलुक... आणि दिवा विझला. केतकीने आपला लावून पाहिला. तोही विझला! सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. इतका वेळ चालणारे दोनच हेडफोन, आणि नेमके तेच अडले.

केतकीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत बसले होते, अगदी मुद्दाम. म्हणजे उत्तर मलाच सापडणार आहे, असं तिने मनाशी म्हटलं. ते दहा जुळले, हे दोन जुळले नाहीत. फरक काय? आणि ती एकदम हसायलाच लागली.

"तात्या, कुंकू आणा! आमचे दोन हेडफोन अजून जुनीच खूण धरून बसलेत. आता डबी विसरली आणि हे विसरले नाहीत. कालची पूजा यांना घडलीच नाही ना!"

तात्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे कुंकवात बुडवले आणि दोन्ही हेडफोनांच्या कपाळावर टेकवले. सगळी मुलं ओरडत होती, "एक! दोन! तीन!" दहा म्हटल्याबरोबर टुंई, टुंई असे दोन आवाज आले, आणि ते सगळ्यांनी ऐकले. सिद्धेशचा जुळला. मग केतकीचा. निळा दिवा स्थिर झाला तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती.

"पोशाख!" बिराजदारबाई गरजल्या. "धावा! माझं दार दहा मिनिटं उशिरा उघडलं तर चंद्र काही कोसळत नाही!" नियमाला पक्क्या असलेल्या बाईंच्या तोंडून हे ऐकून आजोबांनीही भुवया उंचावल्या.

दार सरकलं. समोर राखाडी मैदान, त्यावर सकाळच्या उन्हातल्या लांबच लांब सावल्या (चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढा, त्यामुळे घड्याळात चार वाजले तरी तिथे अजून सकाळच) आणि काळ्या आभाळात पृथ्वीची निळी कोर. केतकीने उंबरठ्यावर पाय उचलला आणि पलीकडे टेकवला. बुटाखाली माती किंचित दबली. आवाज काहीच नाही, आपल्याच श्वासाचा काय तो.

मग तात्यांनी हलगीवर काठी हाणली.

बारा जणांच्या कानांत ती एकाच क्षणी कडाडली आणि बारा लेझमी एकाच क्षणी वर गेल्या. चंद्रावर माणूस पृथ्वीवरच्यापेक्षा सहापट हलका, त्यामुळे पोरं अशी उंच उडायला लागली की काचेआडच्या आया तोंडावर हात धरून बघत राहिल्या. बारांच्या पावलांनी उडालेली धूळ एकदम वर जायची आणि एकदम खाली यायची. एकाचाही ठेका चुकला नाही. केतकी नाचत होती आणि मोठ्याने हसत होती, आणि आपलं हसणं बाहेर कोणालाच ऐकू जात नाही याचं तिला काही वाटत नव्हतं.

खेळ थांबला तेव्हा तिला दूरवर एका डोंगराची कड उन्हात चमकताना दिसली. तिने लेझीम उंच धरून त्या डोंगराकडे दाखवलं आणि तात्यांकडे वळून पाहिलं. तात्यांना तिचं बोलणं ऐकू येणार नव्हतं, पण पुढच्या दसऱ्याला तिथवर जायचं, असं तिला म्हणायचंय हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी मान हलवली आणि त्या डोंगराच्याही पलीकडे हात केला.