खदानीतले शिंगाडे

"मले चोर नको, पुरावा पायजे," चंद्रभान उमाटे खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "चोर कोन हाय ते मले मालूम हाय."

आकांक्षा भोयरने पेन खाली ठेवला. हिंगणघाटच्या बस स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर तिचं एका खोलीचं ऑफिस होतं. दारावर 'खासगी तपास' अशी ऐटदार पाटी होती. पण तिथे येणारे बहुतेक लोक 'मुलीसाठी पाहिलेला मुलगा खरंच इंजिनिअर आहे का' एवढंच विचारायचे. त्यामुळे चोरी हा शब्द ऐकताच तिचे डोळे लखकन चमकले. कोपऱ्यात आलुबोंडा खात बसलेल्या मधुकरमामांनी ते पाहिलं आणि सुस्कारा सोडला. दुपारची झोप गेली.

मधुकरमामा तिचे सख्खे मामा. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यापासून दोनच कामं ते मन लावून करत. एक म्हणजे भाचीची स्कूटर चालवणं, आणि दुसरं, चुकीच्या माणसावर संशय घेणं.

चंद्रभान मूळचे भाजीपाला पिकवणारे. मांडवझरी गावाचा मोठा तलाव त्यांनी ठेक्याने घेतला होता आणि त्यात शिंगाडा लावला होता. भंडाऱ्याकडून आणलेलं बिनकाट्याचं बी. गुळगुळीत, मोठा, गोड शिंगाडा. त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज असा मऊ झाला, जणू बोर्डात पहिली आलेल्या लेकीबद्दल सांगत आहेत.

"आणि जुना काटेरी वाण?" आकांक्षाने विचारलं.

तो काठाला थोडा उरलाय, म्हशी उतरतात त्या अंगाला, असं ते हात झटकून म्हणाले. बोटं टोचून घ्यायला तिकडे कोण जातंय? पिकतो आणि आपोआप गळून पडतो.

मग खरी गोष्ट निघाली. गावाबाहेर टेकाडावर मुरुमाची जुनी खदान होती. ट्रक यायचे बंद झाल्यापासून तो नुसता पाणी साचलेला खड्डा. यंदा त्या खड्ड्यात चक्क शिंगाडा उगवला होता. आणि खदानीला लागून घर होतं शालूचं. चंद्रभानच्या तलावात ती वर्षानुवर्षं शिंगाडे तोडायला यायची.

"बी चोरून तिनं घरात दडवून ठेवलं असंल," मामा म्हणाले.

चंद्रभान हसले. "घरात ठेवून काय करते? शिंगाड्याचं बी वाळलं की मेलं. मी माठात भरून तलावाच्या गाळात पुरतो, तवा कुठं जगते. त्या गाळातूनच काढलं तिनं. शनिवारी गावाले जमवून राह्यलो मी. सारे वेल उपटाचे, अन् चारचौघात तिले चोर म्हनाचं. तुमी फक्त पुरावा आना."

चोर ठरलेल्या बाईला गावात कुणीच कामाला बोलावणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायची गरजच नव्हती.

*

खदानीकडे चढताना स्कूटर अशी कण्हत होती की मामांनी शेवटी उतरून ती ढकलली. वर पोचल्यावर आकांक्षा मागे वळली. मोठा तलाव पार खाली, उतारापलीकडे चकाकत होता.

"पोरी, मले समजलं," मामा धापा टाकत म्हणाले. "पुरात वाहून आला असंल शिंगाडा."

"मामा, पाणी टेकाड चढते का?"

मामांनी कपाळ पुसलं आणि तो मुद्दा मागे घेतला.

खदानीच्या तीन बाजू सरळसोट कापलेल्या होत्या. चौथ्या बाजूला ट्रक उतरायचा उतार होता. शिंगाड्याची तिरप्या चौकटीसारखी पानं फक्त त्या उताराच्या तोंडाशी, एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी दाटली होती. पलीकडचं सगळं पाणी मोकळं, आणि त्यावर अडई बदकांचा एक थवा. उतारावर लव्हाळा माजला होता. शेणाचे वाळके पो इकडेतिकडे पडले होते आणि त्यांतल्या काहींमधून लव्हाळ्याचे हिरवे कोंब वर आले होते. आकांक्षा त्या शेणासमोर उकिडवी बसली आणि इतका वेळ पाहत राहिली की मामांना तिची काळजी वाटू लागली.

कंटाळून मामांनी एक वेल ओढला आणि कळवळून सोडून दिला. बोटातून रक्त आलं होतं.

"टोचलं?" आकांक्षाने असं आनंदाने विचारलं की मामा रुसले. तिने ते फळ उचललं. दोन बाजूंना दोन शिंगं. तिने आणखी दोन-चार वेल उलटे करून पाहिले. सगळी फळं शिंगवालीच. मग मोबाइलमध्ये टोकाचा फोटो काढून मोठा केला. शिंगाच्या टोकाला उलटे बारीक काटे होते, माशाच्या गळासारखे.

तेवढ्यात शालू घरातून आली. चाळिशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. चौकशीला आलोय म्हटल्यावर ती घाबरली नाही, थकल्यासारखी मात्र झाली. चार वर्षांपूर्वी या खड्ड्यात फक्त दारूच्या बाटल्या तरंगायच्या, असं तिने सांगितलं. मग काठाला हिरवं दिसलं. मग पाखरं आली. गेल्या माघात तिला पाण्यावर शिंगाड्याचं पहिलं पान दिसलं.

"मी पेरलं नाई, मॅडम. पन दिसल्यावर उपटलं बी नाई. येवढाच माहा गुन्हा." ती पाण्याकडे पाहत होती. "वेल उपटले तर उपटू द्या. पन चोर म्हनून नाव पडलं, तर माह्या पोरीले शाळेत पोरं काय म्हनतीन?"

आकांक्षाने पोरीचं नाव विचारलं. सुरभी. सहावीत.

*

खाली तलावावर रूपराव गुराखी गावच्या म्हशी डुंबवत होते. त्या जिथे लोळत होत्या, तिथेच काठाला काटेरी शिंगाड्याची पानं होती.

रूपरावांना बोलायला माणूस हवाच होता. सकाळी तलाव, मग चरत चरत टेकाड, आणि वर गेल्या गेल्या खदानीत दुसरी डुबकी, असा म्हशींचा दिनक्रम त्यांनी सांगितला. उन्हात मध्ये पाणी मिळालं नाही, तर त्या त्यांच्या बापाचंही ऐकत नाहीत म्हणे. एक धिप्पाड म्हैस बाहेर आली आणि तिने शेपटीचा फटका असा हाणला की मामांच्या पांढऱ्या शर्टावर चिखलाचं नक्षीकाम झालं.

"चंद्रभानभाऊची मैना," रूपराव वैतागून म्हणाले. "बाकी साऱ्याइच्या शेपट्या म्या भादरल्या. हिच्या गोंड्याले हात लावाचा नाई, असा चंद्रभानभाऊचा हुकूम हाय. पांढरा गोंडा म्हनजे जातिवंत नागपुरी, परदर्शनात दाखवाचा हाय. अन् त्या गोंड्यात गोखरू अडकते, चिखल अडकते, अन् मार मले बसते."

तलावाची रात्रीची राखण चंद्रभानचा पुतण्या ऋतिक करायचा. त्याला विचारायला गेले, तर त्याच्या कपाळावर घामच घाम. मामांनी आकांक्षाला कोपराने ढोसलं. सापडला.

शेवटी ऋतिकने कबूल केलं. गेल्या कार्तिकात, काकाला न सांगता, त्याने शालूच्या पोरीला पिशवीभर शिंगाडे दिले होते.

"कच्चे का उकडलेले?" आकांक्षाने विचारलं.

"उकडलेले, ताई. मीठ टाकून."

परत येताना मामांनी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "उकडलेले पेरले असतीन."

आकांक्षा स्कूटरवर मागे बसून इतकी हसली की स्कूटर डुगडुगायला लागली.

*

शनिवारी सकाळी खदानीच्या काठावर अर्धं गाव जमलं होतं. सरपंच अनुसयाबाई खुर्चीवर, चंद्रभान विळा घेऊन उभे, आणि एका बाजूला शालू, सुरभीचा हात घट्ट धरून.

"पुरावा आनला का?" चंद्रभानने विचारलं.

"आणला, काका. पण आधी एक सांगा. तुम्ही चोर असते, तर तुमच्या तलावातलं कोणतं बी चोरलं असतं?"

लोक हसले. चंद्रभान म्हणाले, हा काय प्रश्न झाला, बिनकाट्याचंच.

"शालूताईंनी इतकी वर्षं तुमच्याकडे शिंगाडा तोडला. चांगला कोणता आणि वाईट कोणता, ते त्यांना तुमच्याइतकं कळतं. मग इथे एक तरी गुळगुळीत फळ दाखवा."

चंद्रभान खाली वाकले. एक वेल उचलला, दुसरा उचलला, तिसरा. त्यांचा हात हळू होत गेला.

"सगळे शिंगवाले," आकांक्षा म्हणाली. "माझ्या मामांनी रक्त सांडून शोधून काढलंय."

मामांनी बँडेजचं बोट वर केलं. कुणीतरी टाळी वाजवली.

आकांक्षाला आता थांबवणं अवघड होतं. ती उतारावर अशी येरझाऱ्या घालू लागली, जणू सगळी खदान तिचा फळा आहे. तुमचं राखलेलं बी गाळातल्या माठात आहे आणि ते सगळं बिनकाट्याचं, ती म्हणाली. म्हणजे इथे आलेलं बी माठातलं नाहीच. ते काठावरचं, कुणी न तोडलेलं, आपोआप गळलेलं. माणूस इतक्या वाईट मालासाठी पाण्यात उतरत नाही. दुसरं, माणसाने लावला असता तर मोकळं पाणी पाहून पसरून लावला असता. इथे सगळे वेल उताराच्या तोंडाशी कोंबलेत. "या खदानीत उतारावरून कोण उतरतं?"

"म्हशी," सुरभी पटकन म्हणाली, आणि आईने तिचा हात दाबला.

"बरोबर. त्या शेणात पाहा. लव्हाळ्याचे कोंब आहेत. तलावावरचा लव्हाळा म्हशींनी खाल्ला, बी पोटातून सहीसलामत आलं आणि इथे उगवलं. आणखी बारीक बी त्या अडया पायाच्या चिखलातून आणत असतील. मुरुमाचा उघडा खड्डा काही आपोआप हिरवा झाला नाही, काका. चार वर्षं रोज कुणीतरी इथे पेरणी करून राह्यलं आहे."

"पन शिंगाडा?" चंद्रभानचा आवाज अजून कडक होता. "शिंगाडा काही म्हैस गिळत नाई. अन् बदक तो उचलते का?"

"नाही. शिंगाडा लटकून येतो."

टेकाडाखालून घंटांचा आवाज आला. रूपराव म्हशी घेऊन तलावाकडून थेट येत होते. आज मध्ये कुठे चरू द्यायचं नाही, असं आकांक्षाने त्यांना बजावलं होतं. मैना सगळ्यांत पुढे, राणीसारखी. तिचा गोंडा चिखलाने जड आणि ओलाचिंब होता.

आकांक्षाने खिशातून कंगवा काढला. गावाने श्वास रोखला, कारण मैनाच्या मागे उभं राहणं हे काही शहाण्याचं काम नव्हतं. रूपरावांनी मैनाची मान धरली. पहिल्यांदा गोखरू निघालं. मग गवताची काडी. मग काहीच नाही. आकांक्षाने कंगवा पुन्हा घातला, यावेळी आतून. कंगवा अडला. तिने केस सोडवले आणि तळहात चंद्रभानपुढे धरला.

दोन शिंगांचा, पिकलेला, ओला शिंगाडा. शिंगाच्या उलट्या काट्यांमध्ये पांढरे केस अजून अडकलेले होते.

"तुमचं गुळगुळीत फळ शेपटीला धरत नाही. हे धरतं. चिखलाने ओलं राहतं, म्हणून वर येईपर्यंत मरत नाही. इथे म्हैस पुन्हा लोळली, की केस सैल होतात आणि बी गाळात पडतं. बाकीच्या म्हशींच्या शेपट्या भादरलेल्या आहेत. काका, चोर तुमच्याच गोठ्यात आहे. तुम्हीच तिचा गोंडा जपलाय."

आधी अनुसयाबाईंनाच हसू फुटलं आणि हसू काठावर पसरत गेलं. मामा सर्वांत उशिरा हसले. त्यांना आत्ता कळलं होतं.

चंद्रभान हसले नाहीत. ते शिंगाडा फिरवून फिरवून पाहत होते.

"शालू," ते म्हणाले, आणि थांबले. मग गावाकडे तोंड केलं. "म्या हिले चोर म्हनलं. गावभर म्हनलं. ते खोटं निंघालं. आजपासून कोनी तो शब्द काढला, त मले येऊन सांगजा."

शालूने सुरभीचा हात सोडला. इतका वेळ किती जोरात धरला होता, ते पोरीच्या बोटांवर दिसत होतं.

चंद्रभानने विळा जमिनीवर ठेवला, धोतर वर खोचलं आणि ते सरळ पाण्यात उतरले. त्यांनी दाटीतला एक वेल मुळासकट ओढला. लोक चमकले. आकांक्षासुद्धा एक पाऊल पुढे झाली.

पण त्यांनी तो वेल काठावर फेकला नाही. तो धरून ते दोन पावलं मोकळ्या पाण्याकडे सरकले, मूळ खाली सोडलं आणि पायाच्या अंगठ्याने ते गाळात दाबलं. जोर देऊन, सवयीने. मग दुसरा वेल ओढला.

"असे दाटीत राह्यले त फळ धरत नाई," मागे न पाहता ते म्हणाले. "विरळ करा लागते. उतर ना शालू, काऊन पाहून राह्यली? एकट्यानं दिवसभर नाई होत हे."

शालूने पदर कमरेला आवळला. ती उतारावरून खाली गेली, चंद्रभानच्या हातातल्या वेलाला हात घातला आणि म्हणाली, "भाऊ, इतक्या खोल नाई लावत. द्या इकडे."