हीच का हो?

हे कुणाला पटो न पटो, घडलंय ते खरं आहे. माझ्या सख्ख्या मामीच्या घरी घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही, रविवारी भर दुपारी तीन वाजता.

मामाने जन्मभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले. घरचा मात्र सारखा बंद पडायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मग त्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. फक्त डावा हात हलायचा. आतल्या खोलीत, दारातून बाहेरचं दिसेल अशी लोखंडी कॉट आणि हातात स्टीलचा चमचा. कॉटच्या दांडीवर एकदा ठक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

मामी घरी बसून त्याच कॉम्प्युटरवर एका वकिलांचं टायपिंग करायची. घर त्यावरच चालायचं. मशीन अडलं की ती बाहेरच्या खोलीत ते उघडून बसायची आणि मान वर न करता विचारायची, "हीच वायर का हो?" आतून ठक. सहा वर्षं ती अशी दुरुस्ती शिकली. त्याचं अंग पुसता पुसता, औषधं देता देता. थकून तिचा पार पाचोळा झाला होता.

मामा गेला. भाड्याची कॉट परत गेली. चमचा स्वयंपाकघरात गेला.

पाच महिन्यांनी, त्या रविवारी मशीन बंद पडलं. सोमवारी सकाळी साठ पानं द्यायची होती. वकिलांनी आधीच बजावलं होतं... आता उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल.

बटण दाबलं की नुसती लांब शिट्टी. म्हणजे मेमरीची पट्टी. एवढं मामीला कळत होतं. पण पट्ट्या दोन होत्या.

तिने एकीवर बोट ठेवलं. सवयीने विचारलं, "हीच का हो?"

...ठक.

तिने पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासला.

"झालं?"

ठक... ठक.

अजून घासला. "आता?"

ठक.

पट्टी परत बसवताना तिचा हात थांबला.

आतल्या खोलीत कॉट नव्हती...

मामी भिंतीला धरून उठली. खोली रिकामी. फरशीवर कॉटच्या पायांचे चार गंजके डाग.

"अहो... तुम्हीच आहात ना?"



ठक...

आणि पुन्हा ठक.

दुसरं कुणी असतं तर चपला न घालता पळालं असतं. पण मामीच्या पायांत पळायचं त्राण नव्हतं, आणि साठ पानं तशीच पडली होती. ती परत मशीनपाशी येऊन बसली. पट्टी बसवली. बटण दाबलं.

तीच लांब शिट्टी.

तिला रडूच आलं. अडला हरी, दुसरं काय करणार?

"दुसरी पण घासू का?" या वेळी तिने 'अहो' म्हटलं नाही.

ठक.

मशीन सुरू झालं. पानं वेळेवर गेली. काम टिकलं.

हे सगळं तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, "मामी, आमच्याकडे राहायला ये." ती "बघू" म्हणाली.

परवा गेलो, तर ती मशीन उघडून बसलेली.

"बिघडलंय?"

"नाही रे. चांगलं चाललंय."

"मग उघडलंस कशाला?"

ती स्क्रू फिरवत राहिली. "पाच महिने या घरात मी एकटीच बोलत होते. आता विचारलं की उत्तर येतं. पण विचारायला काहीतरी निमित्त लागतं ना."

मी आतल्या खोलीकडे बघायचं टाळत होतो. "अगं, पण तो मामा नाहीये."

"माहितेय. दरवेळी आधी तेच विचारते मी," ती दमल्या आवाजात म्हणाली. "न जाणो, एखाद्या दिवशी एकदाच वाजेल."