अंगाला कोण सांगणार?

"डोळे मिटा ताई, आणि श्वास हळूहळू सोडा... इथे भ्यायचं काय आहे?" भावजय इतक्या मायेने म्हणाली, आणि ताईने उलट डोळे टक्क उघडले! माया... आणि तीही एवढी? पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं!

शिवणाच्या कारखान्यात, वीस मशीनच्या खडखडाटात शर्टांना काजं करताना तिचे खांदे आपसूक सैल पडत. पण धाकट्या भावाच्या या शांत, नीटनेटक्या घरात पाऊल टाकलं, की छाती धडधडू लागे. श्वास जितका संथ करावा, तितका जीव घाबरा होई. लहानपणी घर असं गप्प झालं, की पाठोपाठ वडिलांचा पट्टा सुटत असे... आणि धाकट्याला पाठीशी घालून प्रत्येक फटका तिनेच झेलला होता! वडील जाऊन बारा वर्षं झाली, धाकट्याच्या शिक्षणापायी तिचं लग्नाचं वयही उलटून गेलं. भीतीचे दिवस सरले हे मनाला पटलं होतं. पण अंगाला कोण सांगणार?

हल्ली ती दोघं तिला पाहताच बोलणं तोडत. धाकटा तिच्यासोबत जेवायलाही बसेना. आणि आज, सुट्टीच्या सकाळी, स्वयंपाकघरातून त्याचा दबका आवाज तिने स्पष्ट ऐकला, "खोली ठरवलीय मी. ताईला इतक्यात सांगू नकोस."

गरज सरो, वैद्य मरो! ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्यानेच...! तिने कपडे पिशवीत कोंबले आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मीच जाते. मला घालवायला चोरून खोल्या कशाला शोधतोस?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला? अगं, खोली आम्हा दोघांसाठी आहे! हे घर तुला राहावं म्हणून..."

"थापा मारू नकोस!"

"मी दारात आलो की तुझे हात कापतात, ताई. आरशात रोज बघतो ना मी... हुबेहूब बाबा! चाल तीच, खोकणंसुद्धा तेच. जिने माझ्यासाठी मार खाल्ला, तिला रोज तोच चेहरा दाखवू?"

ताईच्या मनात असा काही संताप उसळला, की तिचं तिलाच नवल वाटलं. "मला विचारलंस?" ती किंचाळली. "माझ्या आयुष्याचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवायचं? अरे, माझं अंग घाबरतं तुला... मी नाही!"

घरात इतका मोठा आवाज तिने जन्मात काढला नव्हता. ती जागीच आक्रसली, डोळे गच्च मिटून फटक्याची वाट पाहत राहिली...

कुणीही हात उगारला नाही.

मग कुठून तरी खोलवरून थरथर उठली आणि सर्वांगातून वाहू लागली. "ताई, श्वास..." म्हणत भावजय पुढे झाली, पण धाकट्याने तिला अडवलं. "राहू दे. कापू दे तिला." तो समोरच्या भिंतीशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

कितीतरी वेळाने ताईने मान वर केली. नजरेतला संशय अजून विझला नव्हता.

"मग आता मला सोडून जाणार नाहीस ना?"

"नाही."

"मग तिकडे लांब काय बसलास? इथे ये. आणि मी दचकले ना, तरी उठायचं नाही."

तो येऊन तिच्याजवळ बसला. ती दचकली.

तो उठला नाही.