ओळखीचे जंतू

पहिला फवारा दाराच्या मुठीवर, दुसरा टीव्हीच्या रिमोटवर आणि तिसरा रंभाबाईंच्या तळहातांवर... धरमपेठेतल्या त्या घरात रोज सकाळी हाच क्रम होता, आणि रिमोटनंतर का होईना, कुणीतरी आपली दखल घेतं, या विचारानं त्या माउलीचं अंतःकरण भरून येई!

सूनबाई मेघाचं तरी काय चुकत होतं? सातव्याच महिन्यात जन्मलेली वेदिका चाळीस दिवस दवाखान्याच्या काचपेटीत होती. तेव्हापासून मेघाला सगळीकडे जंतूच दिसत. रंभाबाईंनी आधी सोफा सोडला, मग बैठकीची खोली. सहा महिन्यांत नातीला एकदाही जवळ घेतलं नाही. बोलायला उरलं एकच... लग्नानंतर त्यांच्या सासूबाईंनी दिलेल्या विरजणाचं गाडगं. "आज घट्ट लागलं गा, शाब्बास!" असं त्या दह्याला म्हणत, आणि दही कधी उलटून बोललं नाही.

मंगळवारी मेघानं ते गाडगं विरजणासकट फरशीच्या औषधानं लख्ख धुतलं. चव्वेचाळीस वर्षांच्या सोबतीला लिंबाचा वास येत होता.

रंभाबाई रडल्या नाहीत. दोन दिवस जेवल्या नाहीत, एवढंच.

"आई, काहून जेवून नाही राहिल्या? मी दुकानातून दही आणते ना!"

"नको वं. त्यातले जंतू ओळखीचे नाहीत."

"दह्यात... जंतू?" मेघानं विचारलं.

"मग? तेच दुधाचं दही लावतात. मी त्यायले पोसलं, त्यायनं तुह्या नवऱ्याले पोसलं. अन् या घरात माह्याजवळ तेवढेच होते, मेघा..."

मेघानं हातातली फवाऱ्याची बाटली खाली ठेवली. तेच विरजण आता फक्त नरखेडकडच्या खेड्यात, रंभाबाईंच्या जाऊ बायजाबाईंकडे होतं. जावाजावांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. बायजाबाईंनी रंभाबाईंच्या दह्याला आंबट म्हटलं होतं.

वेदिकाला नवऱ्याजवळ ठेवून मेघा सकाळच्या एसटीनं गेली, संध्याकाळी मांडीवर डबा घेऊन परतली. "काकू एकट्याच असतात हो तिथं. म्हणाल्या, 'सांग तिले, अजूनबी आंबटच हाये.'"

आता मात्र रंभाबाई हमसून हमसून रडल्या!

रविवारी वेदिकाचं उष्टावण. मेघा समोर येताच रंभाबाईंनी सवयीनं तळहात पुढे केले, डोळे मिटले... पण गार काही पडलंच नाही. हातांत आलं ते ऊबदार, वळवळणारं, साडेपाच किलोंचं!

"साबणानं धुतले ना हात? बस झालं, आई. पहिला घास तुमचाच."

वेदिकानं आजीचं दहीभाताचं बोट चोखलं, आणि आख्खा चेहरा वाकडा केला.

रंभाबाईंनी त्या वाकड्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"फोन लाव वं मेघा, बायजाले," त्या हळूच म्हणाल्या. "सांगतो तिले... आंबटच होतं."