आधी वैनीचं पान

"वहिनी! काय करताय हे?"

नीलिमाचा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला आणि कावेरीचा हात तोंडापाशीच थांबला. सिंकमध्ये नीलिमाच्या लेकीचा, आर्याचा, शाळेतून आलेला डबा उघडा होता, आणि त्यातल्या तूप-गुळाच्या पोळीचा अर्धा तुकडा कावेरीच्या बोटांत होता. एक घास तर गिळूनही झाला होता... तो केव्हा गिळला, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं!

"आज पाचवा दिवस आहे लिक्विड डाएटचा," नीलिमा म्हणाली. ती चिडली होती, पण त्याहून जास्त घाबरली होती. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? दोन आठवडे फक्त पातळ. लिव्हर लहान झालं नाही तर ऑपरेशन अवघड जातं. मी ऑफिसचे कॉल सोडून तुमचं ताक, सूप, पावडरचं दूध बघते, आणि तुम्ही चोरून..."

'चोरून'! तो एक शब्द कावेरीच्या काळजात काट्यासारखा रुतला. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात तिच्यावर पुष्कळ काही आलं होतं, पण हा आळ कधी आला नव्हता. "अगं, टाकवत न्हाई मला..." एवढंच ती पुटपुटली, आणि उरलेला तुकडा तिनं कचऱ्याच्या डब्यात असा टाकला, जणू काही पापच तिच्या हातून घडत होतं.

संध्याकाळी नीलिमाचा नवरा महांतेश घरी आला. बंगळुरात बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून बनशंकरीला पोहोचेपर्यंत माणसाचं सगळं सत्त्व रस्त्यावरच सांडतं. त्यात बायकोनं दारातच सगळं सांगितलेलं. त्यानं बॅग खुर्चीवर टाकली आणि थकलेल्या स्वरात म्हणाला, "वैनी, तुला हे जमणार नसेल तर आत्ताच सांग. पोटावर टाके घालता येतात, जिभेला कोण टाके घालणार? तुझा खाण्यावर ताबाच न्हाई!"

कावेरीचं एकशे अठरा किलोंचं शरीर भिंतीला धरून सावकाश उठलं आणि आपल्या खोलीत गेलं. जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या की तिला धाप लागे, साखर औषधांना दाद देत नव्हती, झोपेत श्वास मधेच अडकायचा... म्हणून तर वजन उतरवायला पोट लहान करण्याचं हे ऑपरेशन ठरलं होतं. पण त्या क्षणी तिला वाटलं, नकोच ते! ज्याला आपण तेराव्या वर्षापासून वाढवलं, त्यानंच आज आपल्या घासाकडे बोट दाखवावं... मग बरं होऊन तरी करायचंय काय?

महांतेश तिचा धाकटा दीर. कल्लाप्पा, तिचा नवरा, कारखान्यात फिटर होता. यंत्रावर काम करताना झालेल्या अपघातात तो गेला तेव्हा कावेरी सव्वीस वर्षांची होती, आणि सासू-सासरे आधीच गेलेले. निपाणीहून तिचा भाऊ न्यायला आला. "तू तरणी हाईस, उभा जन्म पडलाय. चल," म्हणाला. त्यानं स्थळही पाहून ठेवलं होतं, भला माणूस होता म्हणे. कावेरीनं पिशवी भरलीसुद्धा होती. पण दाराआड उभा असलेला, शाळेच्या गणवेशातला महांतेश काही न बोलता फक्त तिच्या पिशवीकडे बघत होता... तिनं पिशवी रिकामी केली. एका कॉलेजच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला लागली आणि वर्षानुवर्षं त्या चुलीपुढे उभी राहिली. महांतेश इंजिनिअर झाला, पुण्याची नीलिमा घरात आली, आर्या झाली. भावानं आणलेल्या त्या स्थळाबद्दल कावेरीनं घरात कधी अवाक्षर काढलं नाही. सांगून करायचं काय होतं?

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञांची भेट ठरलेली होती. नीलिमाला मीटिंग होती, म्हणून महांतेश रजा काढून आला. रिक्षात दोघं शेजारी बसले होते, पण दोघांमध्ये कालचं वाक्य बसलं होतं.

रंजिता नावाच्या त्या आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या, कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि मुख्य म्हणजे घाईत नव्हत्या. "बन्नी अक्का, या, बसा," म्हणून त्यांनी रुंद खुर्ची पुढे ओढून दिली. कावेरीनं बसल्याबसल्या मान खाली घातली आणि कालच्या पोळीचा गुन्हा स्वतःच कबूल करून टाकला.

रंजिता रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे घेतला. "एका घासानं आभाळ कोसळत नाही अक्का. पण मला समजून घ्यायचंय. हे डाएट सुरू होण्याआधी, रोज सकाळी काय खायचात?"

"आमच्या आर्याच्या ताटात राहिलेला डोसा. कधी अर्धा, कधी दीड."

"आणि दुपारी?"

"आदल्या दिवशीचा भात असतो. भाजी असते तळाला."

"रात्री?"

"सगळ्यांचं झालं की मग... जे उरलं असेल ते. पातेलं पुसून घेते. टाकायचं कशाला?"

रंजितांची लेखणी थांबली. "ताट वाढून घेऊन, बसून कधी जेवता?"

कावेरी विचारात पडली. प्रश्न साधाच होता. पण ती आठवू लागली आणि आठवतच राहिली... भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. शेवटी ती ओशाळून हसली. "लग्नात बसले होते बघा. माझ्याच."

शेजारी बसलेला महांतेश खुर्चीत हलला. "वैनी, असं कसं? आपण रोज एकत्रच तर..." आणि तो मधेच अडखळला. कारण त्याला आठवत होतं ते एवढंच, की वैनी वाढते. वैनी गरम पोळी आणून टाकते, वैनी ओट्यापाशी पाठमोरी उभी असते. वैनीचं ताट कसं दिसतं, हे त्याला आठवेना! घरात वैनीचं ताट होतं तरी का?

"सवय कधीपासूनची?" रंजितांनी हळुवारपणे विचारलं.

"हा लहान होता तेव्हापासून," कावेरी सहज सांगू लागली, कसलीही तक्रार नसलेल्या सुरात. "वाढत्या अंगाचं पोर, आधी त्याला वाढायची. मग राहील ते माझं. तेव्हा काही राहायचंच न्हाई. पाणी पिऊन झोपायची. पुढं कँटीनमधलं उरलेलं मिळायला लागलं, भात, उप्पीट... तेव्हा वाटायचं, आता मिळतंय तर खाऊन घ्यावं, उद्याचं कोणी सांगितलंय? आणि मग घरातच रोज उरायला लागलं. चांगले दिवस आले ना! पण पोटाला कुठलं कळायला, दिवस बदललेत म्हणून..."

महांतेशला ते दिवस आठवले. तेराव्या वर्षी तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भाकरी मागायचा आणि वैनी हसून वाढायची. 'मी कँटीनमधून खाऊन आलेय' म्हणायची. तिनं सांगितलं आणि त्यानं ते खरं मानलं... तेवीस वर्षं खरं मानलं! आणि काल त्याच जिभेनं तो तिला म्हणाला होता, तुझा खाण्यावर ताबा नाही!

तो उठून बाहेर गेला. परतला तेव्हा डोळे धुतलेले होते. रंजिता कावेरीला समजावत होत्या. ऑपरेशननंतर पोट केळ्याएवढं उरेल, आधी प्रथिनाचा घास, मग बाकीचं. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतरही अर्धा तास नाही. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. एका जेवणाला निदान पंचवीस मिनिटं. "आणि अक्का, उभ्यानं एक घाससुद्धा नाही. हे औषधासारखं पाळायचं."

महांतेशनं ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, नीट झालं. पहिले दोन दिवस इवल्याशा कपातून पाण्याचे घोट. कप संपायला पाव तास लागायचा. नर्सबाई "स्वल्प, स्वल्प" म्हणत राहायच्या, आणि ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी कावेरी टाक्यांवर उशी धरून वऱ्हांड्यात चार पावलं चाललीसुद्धा. घरी आल्यावर पंधरा दिवस पातळ: ताक, गाळलेलं मुगाचं कढण, कुळथाचं पाणी, पावडरचं दूध. मग मऊ वाटलेलं. नीलिमानं फ्रीजवर तक्ता चिकटवला, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची डबी भरली, मिक्सरमध्ये वरण आणि पनीर वाटून चमच्यावर घेऊन आधी स्वतः चाखलं. "मीठ कमी आहे का हो वहिनी?" असं तिनं विचारलं, तेव्हा कावेरी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. आपल्या जेवणातल्या मिठाबद्दल तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं!

पण तेवीस वर्षांची सवय महिन्याभरात जाते थोडीच...

पाचव्या आठवड्यातली ती दुपार. कावेरी ओटा आवरत होती. ताटलीत आर्यानं टाकलेला भाकरीचा कोपरा होता, शेंगदाण्याची चटणी लावलेला. हात आपोआप गेला. दोनदा चावला न चावला आणि घास खाली उतरला... आणि छातीच्या मधोमध अडकला! जणू कुणी मूठ आवळून आत बसलं होतं. तोंडात लाळ भरली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ती बेसिनला धरून वाकली.

घरून काम करत असलेला महांतेश धावत आला. त्यानं तिची पाठ चोळली, नीलिमानं रंजितांना फोन लावला. "पाणी देऊ नका, चालवू नका, शांत बसवा, उलटी झाली तर होऊ द्या. दुखणं थांबलं नाही किंवा ताप आला तर लगेच घेऊन या," त्या म्हणाल्या. काही मिनिटांनी घास बाहेर पडला, कळ ओसरली. कावेरी घामानं भिजून खुर्चीत बसली आणि मग मात्र तिचा बांध फुटला.

"बोल! बोल की आता! ताबा न्हाई माझा... खरंच न्हाई! मला टाकवत न्हाई रे महांतेश. ताटात अन्न दिसलं की मला आपले ते दिवस दिसतात..."

महांतेश तिच्या पायाशी जमिनीवर बसला. छत्तीस वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडू लागला.

"माझं चुकलं वैनी... तू ताबा ठेवलास म्हणून मी जगलो. भूक मारून हसत वाढणारी बाई तू... आणि मी तुला काय बोललो!" थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. "तुझ्या निपाणीच्या भावानं मला त्या स्थळाचं सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी, बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा. तू कधीच का बोलली न्हाईस?"

कावेरीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "बोलले असते तर तुला ओझं झालं असतं. आणि मला कुठं पस्तावा हाय? मी पिशवी रिकामी केली ती माझ्या मनानं. तू काही मला धरून ठेवलं न्हाईस."

नीलिमा फोन हातात धरून तशीच उभी होती. मग ती पुढे झाली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मी त्या दिवशी 'चोरून' म्हणाले... मला माफ करा."

"तू घाबरून बोललीस, मला ठाऊक हाय," कावेरी म्हणाली. "पर लागलं होतं हं मला." आणि रडता रडता तिघंही हसले. आपल्याला लागलं, असं कावेरी या घरात पहिल्यांदाच बोलली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराची रीत बदलली. सकाळी आठला टेबलावर पहिलं पान कावेरीचं. ती बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही, आणि तिचं होईपर्यंत कुणी तिला उठवायचं नाही. आर्याची उरलेली पोळी आर्याच्याच डब्यात संध्याकाळपर्यंत झाकून राहू लागली, आणि दोन दिवसांत पोरीनं लागेल तेवढंच वाढून घ्यायला शिकून घेतलं. महांतेश ऑफिसला एक बस उशिरानं जाऊ लागला. त्या पंचवीस मिनिटांत तो समोर बसायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सुरुवातीला कावेरीला संकोचच व्हायचा. कुणी आपल्याला जेवताना बघतंय... पण हळूहळू ती बोलू लागली. कँटीनमधल्या गमती, निपाणीतलं बालपण, कल्लाप्पाचं मोठ्यानं हसणं. सवयीनं पटकन जाणारा हात आता चमचा खाली ठेवून थांबू लागला, कारण समोर ऐकणारं माणूस होतं.

तीन महिन्यांत तेवीस किलो उतरले. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी अर्ध्या केल्या. बनशंकरीच्या देवळापर्यंत ती चालत जाऊन येऊ लागली, न थांबता. शेजारच्या भागुबाईंनी विचारलं, "काय अक्का, एवढं उतरायला काय खाताय?" तर ती म्हणाली, "बसून खाते."

एका रविवारी सकाळी कावेरीपुढे वाटीत पनीरचे बारीक तुकडे घातलेलं मुगाचं घट्ट वरण होतं आणि बाजूला दोन चमचे मऊ शिजवलेला दुधी. तिनं सावकाश खाल्लं, घासाघासानं, आणि अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर पोटातून आलेली ती नवी, हळू खूण तिनं ओळखली. तिनं चमचा खाली ठेवला.

"बास. सरी, पुरं झालं."

समोर बसलेल्या महांतेशनं मायेनं हात पुढे केला, वाटी आपल्याकडे ओढली आणि चमचा उचलला. "दे, मी संपवतो. वाया कशाला..."

कावेरीनं चटकन त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "माझं उरलेलं तू खायचं न्हाईस. ह्या घरात कुणीच कुणाचं उरलेलं खायचं न्हाई आता. ती रीत माझ्यापाशीच संपू दे, बाळा."

आणि तिनं वाटीवर झाकण ठेवलं. ती वाटी स्वतःच फ्रीजमध्ये ठेवून ती म्हणाली, "अकरा वाजता भूक लागली की मीच खाईन... बसून."