डावा पाइप आखूड

हॅलोरनला डिसेंबरात धुकं पडतं ते असं की संत्र्याच्या बागेत शिडीवर चढलेल्या माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. गावकरी त्यावर तक्रार करत नाहीत. पाकीटबंद संत्री जशी, तसं धुकंही गावचंच. फक्त एक रीत सगळे पाळतात. संत्री पेट्यांत भरायच्या पॅकिंग शेडच्या पुढे रस्ता रेल्वेचे रूळ ओलांडतो तिथे फाटक नाही. तिथे गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. काही ऐकू आलं नाही तरच पुढे जायचं. ज्यांना घाई होती ते चर्चच्या मागच्या दफनभूमीत निवांत झोपलेत, असं व्हर्लिन स्टॉडर्डचा बाप सांगायचा.

व्हर्लिनचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज पॅकिंग शेडच्या अलीकडे होतं. दिवसा तो लोकांचे ट्रॅक्टर उघडायचा आणि संध्याकाळी मागच्या खोलीत आपली हॉट रॉड, म्हणजे जुन्या सांगाड्यात दांडगं इंजिन घालून केलेली वेगाची गाडी, घेऊन बसायचा. एकोणतीस सालच्या फोर्डचा पत्रा, त्यावरचं टप कापून टाकलेलं, आणि धान्याच्या मालट्रकातून काढलेलं आठ सिलिंडरचं इंजिन. सायलेन्सर नव्हताच. इंजिनातून निघालेला आवाज दोन सरळ पाइपांतून थेट बाहेर. ते पाइप त्याने स्वतः कापले होते, आणि मापाच्या वेळी रेडिओवर बेसबॉलचा सामना रंगात आल्यामुळे डावा वीतभर आखूड झाला होता. त्यामुळे गाडीला दोन सूर होते. उजवा जाड, डावा चिरका. अख्ख्या तालुक्यात तसा आवाज दुसऱ्या गाडीला नव्हता, आणि आपल्या चुकीचा माणसाला जेवढा अभिमान असतो तेवढा बरोबर कामाचा नसतो.

गाडी त्याची, पण बांधली होती डॅलससाठी. डॅलस त्याचा धाकटा भाऊ. कोरियातल्या लढाईतून सुटून नाताळाच्या आधी घरी यायचा होता. सॅन फ्रान्सिस्कोहून त्याचा फोन आला तेव्हा त्याने आईच्या थडग्याची चौकशी करण्याआधी गाडीची केली.

"थोरले, सायलेन्सर-बियलेन्सर लावलास तर भाऊ म्हणणार नाही हं!" तो ओरडला. "बसमधून उतरल्या उतरल्या ऐकू आली पाहिजे मला. मैलभरावरून!"

"लावत नाही रे बाबा. इंजिन आत्ता बाकावर उघडून ठेवलंय. तू येईपर्यंत नवं करतो."

त्याच आठवड्यात धुकं उतरलं.

पहिल्या संध्याकाळी व्हर्लिन चालत घरी गेला, तर आयोनने, म्हणजे त्याच्या बायकोने, कॉफी आधीच ओतून ठेवली होती. ती गार झाली होती.

"कुठे अडकलास? गाडी ऐकून कधीची ओतून ठेवलीये."

"कुठली गाडी?"

"तुझी. तो बेसूर भोंगा काय लपून राहतो?"

"आयोन, इंजिन बाकावर आहे. सुटं."

"मग रेडिओ असेल," ती म्हणाली आणि कॉफी पुन्हा तापत ठेवली. पण रेडिओ स्वयंपाकघरात होता आणि तो बंद होता.

दोन दिवसांनी गावचा पोलीस, डेप्युटी प्रुइट, गॅरेजमध्ये आला. गेल्या उन्हाळ्यात त्याने व्हर्लिनला उघड्या पाइपांबद्दल दोनदा दंड केला होता आणि दोन्ही वेळा, दंड लिहून झाल्यावर, जरा एकदा जोरात फिरव म्हणून आवाज ऐकला होता. आज मात्र त्याचा चेहरा तापलेला होता.

"धुक्यात गाडी हाणतोस? आणि तीही उघड्या पाइपांनी? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

व्हर्लिनने मागच्या खोलीचं दार उघडलं. बाकावर इंजिन पडलं होतं, पोट फाडलेलं. पिस्टन फडक्यावर ओळीने मांडलेले. गाडीच्या नाकात नुसती पोकळी. दोन्ही पाइप जमिनीवर आडवे.

प्रुइटने वाकून त्या पोकळीत हात फिरवला.

"मी तिच्या मागे होतो," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "कालची गोष्ट. पॅकिंग शेडच्या वळणापासून रुळांपर्यंत. उजवा जाड, डावा चिरका. माझे कान काही विकलेले नाहीत."

"मग?"

"मग काय? रुळांपाशी बंद पडली. बंद पडली म्हणजे इंजिन बंद केल्यावर कसं घरंगळत थांबतं, तसं नाही. आवाज मध्येच तुटला. मी उतरून गेलो. गाडी नाही, ओल्या रस्त्यावर चाकाची रेघ नाही."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"मला निवृत्त व्हायचंय, हाकलून घ्यायचं नाही," प्रुइट म्हणाला. जाताना त्याने टोपी घातली ती उलटी, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी अंधारायच्या आधी व्हर्लिनने तो आवाज स्वतः ऐकला. तो स्टुलावर बसून व्हॉल्व्ह घासत होता. बागांच्या बाजूने आधी नुसती घरघर आली, मग ती जवळ आली, आणि गॅरेजच्या पुढून जाताना खिडकीची काच थरथरली. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. वळणावर चालवणाऱ्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला, दोनदा, आणि दोन्ही वेळा पाइप फडफडले.

व्हर्लिनच्या हातातला व्हॉल्व्ह तिथेच राहिला. वळणावर दोनदा पाय सोडायची ही खोड तालुक्यात दोघांनाच होती. पॅकिंग शेडवर काम करणाऱ्या आईला, पोरं घरी चालली, हे कळावं म्हणून व्हर्लिनने ती सुरू केली होती, आणि डॅलसने त्याच्याकडून उचलली होती. दोघांपैकी एक तर इथे स्टुलावर बसला होता.

आवाज रुळांकडे गेला आणि तुटला.

जमिनीवरचे पाइप त्याने हाताने चाचपले. डावा कोमट होता. शेगडी जवळ आहे, म्हणून असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. उजवाही शेगडीपासून तेवढ्याच अंतरावर होता. तो गार होता.

भूत माणसाचं असतं, गाडीचं नसतं, आणि डॅलस जिवंत होता. कालच त्याची तार आली होती. म्हणजे जे ऐकू येत होतं ते झालेलं नव्हतं. व्हायचं होतं. हा विचार व्हर्लिनने केला नाही. तो आपोआप आला आणि छातीवर बसला. डॅलस ही गाडी घेणार. धुक्यात रुळांपाशी येणार. इंजिन बंद करून कान देण्याइतका धीर त्या पोराला जन्मात नव्हता, आणि उघड्या पाइपांच्या आवाजात मालगाडीची शिट्टी काय, देवाचा कर्णाही ऐकू आला नसता.

रात्री त्याने आयोनला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हीच मोठी गोष्ट.

"मोडून टाक," ती म्हणाली.

"दोन वर्षं तो पोरगा खंदकात बसून या गाडीचं स्वप्न बघतोय."

"मग मनावर दगड ठेवून सायलेन्सर लाव. रुसला तर रुसू दे. रुसलेला भाऊ परत बोलतो."

व्हर्लिनने इंजिन जोडलं आणि पाइप कापून त्यांना दोन सायलेन्सर बसवले, तेही बोल्टने नाही, डाखून. डाख देताना आपणच आपल्या पोराचं तोंड बांधतोय असं त्याला वाटलं आणि वाईट वाटलं. किल्ली फिरवली तर गाडी म्हातारीच्या शिवणयंत्रासारखी चालली.

त्या संध्याकाळी आवाज आला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. प्रुइट मुद्दाम येऊन दारात कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गेली म्हणायची ब्याद." आयोनने मक्याची भाकरी आणि बीन्स केले, आणि व्हर्लिन कितीतरी दिवसांनी दुसऱ्यांदा वाढून घेण्याइतका जेवला. तरीही त्याने एक गोष्ट पक्की केली. डॅलसला आणायला पिकअप न्यायची. धुकं उठेपर्यंत हॉट रॉडची किल्ली कुणाला द्यायची नाही.

डॅलस यायचा त्या दिवशी पिकअप आयोनने नेली होती, बहिणीकडून खाट आणायला. पाचच्या सुमारास तिचा गॅरेजवर फोन आला.

"मी इकडेच राहते रे. गाडीच्या नाकावरचा रेडिएटरसुद्धा दिसत नाहीये मला. डॅलसची बस सहाची ना? प्रुइटला सांग आणायला."

"सांगतो. तू निघू नकोस."

फोन ठेवतो न ठेवतो तोच परत वाजला.

"काय थोरले! बस लवकर आली. ड्रायव्हर वेडा होता, आमच्या सार्जंटचा चुलतभाऊ शोभला असता." डॅलसच होता. सुखरूप, हसणारा. "मी रुळांच्या कडेच्या, बस थांबते त्या दुकानात आहे. दुकानदार बंद करतोय."

"तिथेच थांब. मी येतो."

"छे, येतो मी चालत. रस्ता दिसत नाही, पण रूळ काय चुकणार? दोन मैल तर आहेत. रुळांवरून सरळ येतो की नाही बघ, डोळे मिटून!"

"डॅलस, रुळांवर जाऊ नकोस! ऐक माझं—"

फोन बंद झाला होता. व्हर्लिनने परत लावला. कुणी उचलला नाही. प्रुइटच्या ऑफिसात लावला. प्रुइट महामार्गावर होता, धुक्यात आदळलेल्या गाड्यांपाशी.

संत्र्यांची मालगाडी याच वेळेला सुटायची. धुक्यात तिच्या वेळेचं काही खरं नसायचं.

रस्ता रूळ ओलांडतो ते क्रॉसिंग गॅरेजपासून मैलभर होतं. चालत गेलं तर उशीर झाला असता. खुंटीवर हॉट रॉडची किल्ली होती. ती घेताना त्याचा हात थांबला, पण पाय थांबले नाहीत.

गाडी हळू आवाजात निघाली. व्हर्लिन उभा राहून, काचेवरून डोकं काढून, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालवत होता. पॅकिंग शेडचं वळण आलं तेव्हा त्याने दोनदा पाय सोडला. सवयीने. सायलेन्सरमधून नुसता सुस्कारा निघाला.

रूळ आले. त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

कान दिला.

संत्र्याच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. बाकी काही नाही. शिट्टी नाही, धडधड नाही.

"डॅलस!"

डावीकडून, लांबून, कुणीतरी शीळ घालत येत होतं. व्हर्लिनला इतकं हायसं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

मग मागून आवाज आला.

बागांच्या बाजूने. आधी घरघर. उजवा जाड, डावा चिरका. वळणावर फडफड, एकदा, दोनदा. व्हर्लिनने मागे वळून पाहिलं. पांढरं. आवाज वाढत गेला, सीट हादरली, आणि तो येऊन थांबला तो त्याच्या मागे नाही, शेजारी नाही.

व्हर्लिन बसला होता तिथेच.

किल्ली त्याच्या मुठीत होती. त्याने वाकून पाइपाला हात लावला. डावा भाजत होता.

आवाज चालूच होता. शीळ त्यात बुडाली. पानांचं ठिबकणं बुडालं. जगात जे काही ऐकू येण्यासारखं होतं ते सगळं बुडालं.

धुक्यातून रुळांवर एक आकृती उमटली. खाकी कोट, खांद्यावर पिशवी, हात हवेत. डॅलस तोंडाभोवती हात धरून ओरडत होता, आणि त्याचे शब्द तुटक तुटक पोचत होते.

"... सायलेन्सर लावला नाहीस ना! ... दुकानापासून ऐकतोय... दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

व्हर्लिन गाडीतून उडी मारून रुळांवरून त्याच्याकडे धावला. तो ओरडत होता. घसा फाटेपर्यंत ओरडत होता, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

डॅलसने हसत कानामागे हात धरला. काय म्हणतोस?

त्याच्या पाठीमागे धुक्यात एक पिवळट वर्तुळ होतं. ते हलत नव्हतं. फक्त मोठं होत होतं.

आणि मग, रोजच्यासारखा, मध्येच, आवाज तुटला.