मागचा रस्ता

माझ्या भाचीला वाटलं होतं, परत आल्यावर आपल्याला एक मोठी उजेडाची खोली मिळेल, भिंतींवर चित्रं असतील आणि आपल्यासारखीच वेडी दहा-बारा माणसं एका स्वप्नाच्या मागे लागलेली असतील. मिळाली टायरच्या दुकानावरची खोली. एकच खिडकी, ती उघडली की रबराचा वास. आणि माणसं दोन. त्यातलं एक सतत खात असायचं.

हसा. तीही हसायची, सुरुवातीला.

वीज येईपर्यंत सांगतो. तसेही माझ्या या गेमच्या दुकानातले सगळे कॉम्प्युटर बंद पडलेत, आणि अंधारात तुम्हाला घरी सोडलं तर तुमच्या आया मला फाडून खातील. मोबाइलचे दिवे मात्र विझवा, डोळ्यांवर येतात. आणि मधेमधे 'मामा, हे खरं का' असं विचारू नका. सख्ख्या बहिणीची मुलगी आहे माझ्या. खोटं बोलायला लागली की तिचे कान लाल होतात, अगदी तिच्या आईसारखे. मला सांगताना झाले नाहीत.

ती लांब गेली होती शिकायला. गेम बनवायचं शिक्षण. तिकडे चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून आली. म्हणायची, "मामा, आपली मुलं दुसऱ्यांनी रचलेल्या जगात धावतात. त्यांना त्यांच्या भाषेतलं भविष्य कुणी दाखवायचं?" बोलता बोलता डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. मी म्हणायचो, "खरंय बाई. आधी जेवून घे."

गेम तुम्ही रोज खेळता तसलाच, धावण्याचा. तीनशे वर्षांनंतरचं शहर. हवेत टांगलेले रस्ते, उजेडाचे रूळ, डोक्यावरून जाणारी वाहनं. एक मुलगी धावतेय. थांबायची सोय नाही. उडी मारा, घसरा, वळा, नाहीतर आपटा. चित्रं काढणारी होती तिला सगळे ताई म्हणत. सतत खाणारी ती हीच. तिने त्या मुलीचं नाव ठेवलं पळी. "पळते म्हणून पळी. मोठी झाली की डाव म्हणू."

दुसरा कोड लिहिणारा. आधी क्लासमध्ये गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. कमी बोलायचा. पक्की नोकरी सोडून माझ्या भाचीच्या शब्दावर आला होता. घरी बायकोला नुकतेच दिवस गेलेले.

आता एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुम्ही असले गेम खेळता तेव्हा पळणाऱ्याच्या मागे काय असतं? विचार केलाय कधी?

काही नसतं. चिखलातून जायचंय आणि हातात चारच फळ्या आहेत, तर माणूस काय करतो? मागची फळी उचलतो, पुढे टाकतो. तसंच. पुढचा रस्ता मांडत जायचं, मागचा पुसत जायचं. कॉम्प्युटरवर भार नको म्हणून. या धंद्यात सगळे असंच करतात.

आमच्या भाचीला ते पटलं नाही. "कुठून आलो हे ज्याला दिसत नाही, तो कुठे जातोय हे त्याला कसं कळणार? माझ्या गेममध्ये मागचा रस्ता राहील. बटण दाबलं की पळी मागे वळून बघेल."

मास्तर म्हणाला, "मॅडम, मशीन जड होईल."

"होऊ दे."

"मागे काही नसतं, म्हणूनच माणूस पळू शकतो."

"हे गणित नाही मास्तर, भीती आहे तुमची." असं म्हणाली ती. आणि तो भाग तिने कुणाला करू दिला नाही. स्वतः बसून लिहिला, स्वतःच्या लॅपटॉपवर.

गेम उभा राहिला. मग काही खेळाडूंना ऑफिसात बोलावलं, बसून खेळा आणि काय वाटतं ते सांगा म्हणून. कॉलेजातली एक मुलगी होती. खेळून उठली आणि म्हणाली, "मस्त आहे. तो मागचा माणूस पकडतो कधी?"

भाची म्हणाली, "कुठला माणूस?"

"मागचा. लांब असतो तो."

मागे कुणी नव्हतंच ना. कुणी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी एक कारकून आला, चाळिशीचा, बायकोची नजर चुकवून. तो म्हणाला, "माणूस छान केलाय. पण तो धावत का नाही? चालतो नुसता. आणि चालूनही दोन वळणांवर आला."

भाचीने ताईला विचारलं. ताई म्हणाली, "मी माणूस काढला असता तर त्याच्या हातात निदान वडी दिली असती खायला." म्हणजे ताई नाही. राहिलं कोण?

मास्तर. रात्री उशिरापर्यंत थांबायचा. गेमची कॉपी घरी न्यायचा, न विचारता. आणि दुसऱ्या एका कंपनीचा माणूस त्याला खाली टायरच्या दुकानाशी भेटून गेला होता, हे ताईने पाहिलं होतं. सगळं जुळत गेलं. एकदा संशय आला की सगळं जुळतंच, पोरांनो. माणूस शिंकला तरी पुरावा वाटतो.

तिने समोर बसवून विचारलं. "मास्तर, तो माणूस तुम्ही टाकलात?"

"नाही."

"मग कुणी?"

"मला माहीत नाही. पण मीही पाहिलाय त्याला. मॅडम, रस्ता पुसून टाकू. एका ओळीचं काम आहे."

झालं. तिला वाटलं, हेच हवंय याला. माझी कल्पना चुकीची ठरवायला भूत उभं केलं.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सोमवारी दहा वाजता एक मोठी कंपनी गेम बघायला येणार होती. आवडला तर तिचं सगळंच मार्गी लागणार होतं. रात्री अकरा वाजून गेल्यावर ती घरून निघाली. काम साधंच. गेम एका ड्राइव्हवर घ्यायचा, ऑफिसच्या मशीनवर चालवून बघायचा, परत यायचं. बहीण म्हणाली, "सकाळी जा." ही म्हणाली, "अर्ध्या तासात आले."

टायरचं दुकान बंद. जिना चढली. कुलूप उघडलं. आतून कडी लावली, हे तिला नक्की आठवतं.

मग तिच्या मनात आलं, आज सोक्षमोक्षच लावू. मास्तरने हात लावलेली मशीन नकोच. तिने स्वतःचा लॅपटॉप काढला. त्यात जुना गेम होता, मास्तरचा कोड मिसळायच्या आधीचा. तिचा रस्ता आणि ताईची चित्रं, बाकी कुणाचं काही नाही. इंटरनेटची केबलही काढून टाकली. यात जर माणूस दिसला नाही, तर तो मास्तरनेच टाकलाय. सरळ हिशेब.

खेळायला लागली. पळी धावतेय. उडी. वळण. उडी. बटण दाबलं, मागे बघितलं.

रस्ता. दिवे. रिकामा.

तिने तिथेच हात थांबवला, गेम पॉज केला आणि फोन घेतला. मास्तरला लिहिलं, उद्यापासून येऊ नका, किल्ली सकाळी आणून द्या. पाठवून दिलं. त्या घरात आठवा महिना चालू आहे हे तिला माहीत होतं. तरी पाठवलं. एकदाच बघितलं होतं तिने. एकदाच.

पाठवल्यावर तिला हलकं वाटलं. म्हणून पुन्हा खेळायला लागली, सहज. गेम चांगलाच होता हो. ती म्हणाली, मामा, मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटत होता.

उडी. घसर. वळण.

मागे बघितलं.

लांबच्या वळणावर कुणीतरी होतं.

तिने पुढे बघितलं. पळत राहिली. मागे बघावंसं वाटत नव्हतं. बघितलं.

एक वळण जवळ. चालत येत होता. घाई नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, साधा. त्या तीनशे वर्षांनंतरच्या शहरात तुमच्या-आमच्यासारखा शर्ट. अनवाणी. आणि चपला हातात धरलेल्या.

घरात सगळे झोपलेत आणि आपल्याला उशीर झालाय, की आपण येतो ना? आवाज होऊ नये म्हणून. तसा.

पळी जिवाच्या आकांताने धावतेय. तो चालतोय. आणि तो जवळ येतोय.

तिने हात काढून घेतले. समोर भिंत आली. पळी आपटली, पडली. गेम थांबला. स्क्रीनवर अक्षरं आली, पुन्हा धावायचं? अशा वेळी सगळं जागच्या जागी गोठतं, तुम्हाला माहितीय. दिवे गोठले. वरची वाहनं गोठली. पळीचे केससुद्धा हवेत तसेच…

तो चालत होता.

तिने बटण दाबलेलं नव्हतं. तरी चित्र मागचंच दिसत होतं.

पडलेल्या पळीपाशी आला. आता वाकेल, तिला धरेल, असं भाचीला वाटलं. त्याने पळीकडे बघितलंही नाही. बाजूने पुढे आला.

पळीसाठी आलाच नव्हता तो.

मोठा होत गेला. चेहरा चित्राच्या वर गेला. मग नुसता शर्ट. नुसती बटणं. स्क्रीनभर…

मग तो खाली वाकला.

आणि दिसेनासा झाला.

भाची बघत राहिली. चित्रात रिकामा रस्ता. पडलेली पळी. आणि अगदी पुढे, स्क्रीनच्या कडेशी… चपला. जोडीने ठेवलेल्या. टोकं तिच्याकडे.

दारात काढून आत जातो ना आपण… तशा.

खोलीत काही आवाज नव्हता. तिची खुर्ची स्क्रीनकडे. सगळी खोली तिच्या पाठीमागे. लॅपटॉप बंद करावासा वाटला, पण हात पुढे जाईना. वळून बघणं तर… नाहीच. ती तशीच बसून राहिली. समोर बघत. खिडकी उजळेपर्यंत.

सकाळी जिन्यावर पावलं वाजली. दारावर थाप. तिला उठता येईना. बाहेरून कुणीतरी किल्ली फिरवली. आतली कडी लावलेली होती ना तिने? दार उघडलं.

"कोण?" ती वळली नाही.

"मी. किल्ली द्यायला आलोय." मास्तर. आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा.

"मास्तर… माझ्या मागे कोणी आहे?"

एवढ्याशा खोलीत बघायला किती वेळ लागतो? मास्तरला लागला. मग म्हणाला, "नाही."

तो पुढे आला. स्क्रीन बघितली. किल्ली त्याच्या हातातच राहिली.

"आत आला," एवढंच बोलला.

ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगत होतात."

"कॉपी घरी नेली ती दुसऱ्या मशीनवर दिसतो का बघायला. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. वेड्यात काढाल असं वाटलं."

"काढलंच असतं. आणि तो दुसऱ्या कंपनीचा माणूस?"

"त्याला नाही म्हणालो मी."

मग तो लॅपटॉपकडे सरकला. "बाजूला व्हा मॅडम. रस्ता पुसून टाकतो. एका ओळीचं काम आहे."

तिने त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मास्तर सांगतो, वळ दोन दिवस होते.

"पुसू नका."

"अहो, आता तरी…"

"रस्ता पुसला तर तो परत जाणार कुठून?"

मास्तरने हात मागे घेतला.

तिने तिथल्या तिथे ठरवलं. कंपनीच्या लोकांना फोन करून सांगितलं, गेम तयार नाही, येऊ नका. पुन्हा विचारू नका असंही सांगितलं. मास्तरच्या हातातली किल्ली घेतली नाही, त्याची मूठ मिटून दिली. म्हणाली, "मास्तर, तुम्ही इथेच. दुसरा गेम करू, मागचं पुसणारा. हा लॅपटॉप मात्र बंद करायचा नाही. रस्ता असाच उघडा ठेवायचा. ज्या दिवशी तो जाईल, त्या दिवशी चपला नसतील. तोवर वाट बघायची."

तसंच चाललंय. मास्तरला मुलगी झाली. दुसरा गेम तुम्हीच खेळता इथे, चांगला आहे.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो त्या खोलीवर. कोपऱ्यात लॅपटॉप चालू. मी वाकून बघितलं. ताईही उभी होती शेजारी, आणि त्या दिवशी ती काही खात नव्हती.

चपला आहेत.

त्यांच्यावर धूळ बसत चाललीय. ताई म्हणते, तिने त्या शहरात धूळ कुठेच रंगवलेली नाही…